भाऊसाहेबांची बाजू

ऐका बायांनो, शिवणगावच्या शाळेची गोष्ट. टेंभेकरबाईंनी तिथे वादविवादाचा संघ बांधला होता. जिल्ह्याची स्पर्धा तोंडावर आली, आणि संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब वर्गात येऊन गरजले, "पोरी घरी उलटून बोलायला लागल्या! आजपासून संघ बंद."

बाई काही बोलणार, तोच दहावीतली कावेरी उठली. "भाऊसाहेब, आमच्यात रीत आहे. न पटणारी बाजूही जीव ओतून मांडायची. तुमची बाजू मी मांडू?"

"मांड की!" भाऊसाहेब खुर्चीत रेलले.

संघ का बंद व्हावा, हे कावेरीने असं काही पटवलं, की टेंभेकरबाईंचाच चेहरा उतरला. भाऊसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "शाब्बास गं! माझ्या मनातलं माझ्याहून चांगलं बोललीस. आमच्या चिरंजीवांना चार वाक्यं धड येत नाहीत. कुठे शिकलीस?"

"याच संघात," कावेरी त्यांच्या नजरेला नजर देत म्हणाली. "तो तर तुम्ही आत्ताच बंद केलात. आता चिरंजीवांना कुठे पाठवणार?"

सगळा वर्ग खुदखुदला. भाऊसाहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "बाई, स्पर्धेला जायला गाडी सांगितली का?"

कावेरीच्या जिभेवर बसलेली शारदा तुमच्या-आमच्या लेकींच्याही जिभेवर बसो.