दुसऱ्या ओळीचा धनी

एकदा एका गायकाने स्वतः रचलेल्या गाण्यांचा अल्बम काढायचे मनावर घेतले, आणि त्या दिवसापासून त्याच्या घरच्यांच्या कानाला विश्रांती म्हणून राहिली नाही. गाणी भलरीच्या चालीवरची होती. पीक कापताना माणसे रांगेने जी गाणी म्हणतात, ती भलरी. ती तो ज्यांच्याकडून शिकला, ते तात्या आता थकले होते. त्यांना दम लागत असे आणि त्यांचा आवाज आजवर कुठेही ध्वनिमुद्रित झालेला नव्हता. अल्बममधले निदान एक गाणे तरी त्यांच्या आवाजात असावे, एवढाच शिष्याचा ध्यास होता. पुढच्या हंगामात हा आवाज असेल की नाही, याची त्याला धास्ती होती.

बरीच मनधरणी केल्यावर तात्या शहरातल्या स्टुडिओत आले. काचेच्या खोलीत उभे राहिले, कानांवर हेडफोन चढवले आणि खणखणीत स्वरात त्यांनी पहिली ओळ टाकली.

"ऊन आलं डोईवर, पाणी कोण देतं?"

आणि गप्प झाले. तबला वाजत राहिला, दुसऱ्या ओळीची जागा रिकामीच निघून गेली. पुढच्या कडव्याची पहिली ओळ त्यांनी बरोबर ठेक्यावर उचलली आणि पुन्हा तोंड मिटले.

शिष्याला वाटले, वय झाले, विसरले असतील. त्याने दुसरी ओळ ठळक अक्षरांत लिहून त्यांच्यापुढे टांगली. "पात नेऊ कडंला, पाणी तिथं येतं." पात म्हणजे प्रत्येकाने कापायला धरलेली पट्टी. ही ओळ त्याच्या साऱ्या अल्बममधली त्याची सर्वांत लाडकी होती. तात्यांनी ती वाचली, मान डोलावली आणि पुन्हा गाळली. ध्वनिमुद्रकाने कपाळाला हात लावला. स्टुडिओची वेळ संपत आली होती, तात्यांचा दमही वाढत होता, आणि हे आपले मधल्या वेळात निवांत चहा मागवत होते! शिष्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तात्या, ओळ विसरलात का?"

"न्हाई की."

"मग म्हणत का नाही?"

"म्हणतोय की माझी."

आता मात्र त्याचा तोल सुटला. "आवडली नसेल तर तसं तोंडावर सांगा! पण असा छळ मांडू नका! तुमचा आवाज राहावा म्हणून जिवाचं रान करतोय मी, आणि तुम्ही अर्धं गाणं गिळून बसताय!"

तात्यांनी कप खाली ठेवला. "आरं, ओळ झ्याक हाय. पर ती म्हनायची माझी न्हवं. म्होरक्यानं सवाल टाकायचा, पात धरल्याल्यांनी त्याला जवाब द्यायचा. म्होरक्याच दोन्ही म्हनाया लागला, तर बाकीच्यांनी काय नुसता विळा हानायचा? तुझी समदी गानी ऐकली मी. समद्यांत तूच इचारतोस आन् तूच सांगतोस. मानसाला जागा कुटं ठेवलीस?"

शिष्याला ते पटले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण त्याला ते मुळीच पटले नाही. तात्या घरी गेल्यावर त्याने रिकाम्या जागा स्वतःच्या आवाजाने भरून काढल्या आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

त्या आठवड्यात त्याच्या बहिणीच्या शेतात गव्हाची कापणी चालली होती. तो गेला आणि बांधावर छोटा स्पीकर ठेवून त्याने ते गाणे लावले. बायांनी हात थांबवून ऐकले. "छान हाय हो दादा," म्हणाल्या आणि मुकाट कामाला लागल्या. शिष्य हिरमुसला. "तात्यांनी तर याहून मोठा घोळ घातलाय, तोही ऐका एकदा," म्हणून त्याने रागारागाने मूळचे, रिकाम्या जागांचे गाणे लावले.

ऊन आलं डोईवर, पाणी कोण देतं?

पुढे नुसता तबला. तेवढ्यात रांगेतल्या एका म्हातारीने, मान वर न करताच, ओळ फेकली:

"कोण कुणाला देतं बाई, ज्याचं त्ये घेतं!"

सगळी रांग खदखदून हसली आणि तीच ओळ मोठ्याने म्हणू लागली. पुढच्या जागेला दुसरीने उत्तर दिले, त्याच्या पुढच्या जागेला तिसरीने. विळे भराभर चालू लागले. शिष्याच्या मनात पहिल्यांदा आले ते हेच, की ही माझी ओळ नव्हे! तो थांबवायला उठलाही होता. मग तात्यांच्या आवाजाने पुढचा सवाल टाकला, रांगेने तो झेलला, आणि हा म्हातारा आता या शेतात आपल्यावाचूनही गात राहील, हे त्याच्या ध्यानात आले. त्याचे डोळे भरून आले आणि तो पुन्हा बांधावर बसला.

त्याने ध्वनिमुद्रकाला फोन केला. "त्या गाण्यातला माझा आवाज काढून टाका."

"अहो, लोक म्हणतील बिघडलंय!"

"म्हणू देत."

मग तो तात्यांकडे गेला आणि त्यांचे गाणे शेतात बायांना ऐकवल्याचे त्याने सांगितले. तात्यांनी अल्बमचे विचारलेच नाही. "बायांनी काय जवाब दिला?" एवढेच विचारले. शिष्याने ओळ म्हणून दाखवली. तात्या खोकला येईपर्यंत हसले.

"तुझ्यापरीस झ्याक हाय."

"आहे," शिष्य म्हणाला, आणि हे म्हणताना आपल्याला राग आलेला नाही, याचे त्यालाच नवल वाटले.

घरात काय किंवा कचेरीत काय, आपणही दोन्ही ओळी स्वतःच म्हणून टाकतो, आणि मग समोरचे माणूस मुके का, म्हणून त्याच्यावरच चिडतो.