रेणूने कालवलेला भात

"मग निदान अंगारा तरी द्या की, बुवा!"

"अंगारा खाते का ती?" हैबतबुवांनी विचारलं.

"काहीच खात नाही! तेच तर सांगतेय मघापासून!"

वैजूचा आवाज चढला आणि लगेच रडवेला झाला. सव्वा वर्षाची तिची रेणू घासाला तोंडच उघडत नव्हती. नुसत्या दुधावर जगत होती पोर. डॉक्टर म्हणाले, प्रकृतीला काही झालेलं नाही. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. मग काय, वैजू लेकीला काखोटीला मारून थेट टेकडीवरच्या मठात येऊन थडकली.

रेणू कशी, तर आत्ताच कपाटातून काढल्यासारखी. झबल्याला चुणी नाही, नखात मळ नाही. वैजूला त्याचा कोण अभिमान! अख्ख्या आळीत असं स्वच्छ मूल दाखवून द्या, म्हणायची.

बुवांनी आतून मऊ भात, दही आणि उकडलेला लाल भोपळा मागवला. सगळं एका वाटीत.

"भरव बघू."

वैजूने मांडी घातली, रेणूला आडवी घेतली, तिचे दोन्ही हात आपल्या डाव्या हातात गच्च धरले आणि चमचा पुढे केला. रेणूने ओठ मिटले. एक शीत हनुवटीवर आलं, ते वैजूने लगेच पदराने पुसलं. पुन्हा चमचा. पुन्हा पदर.

"हात का धरलेस तिचे?"

"नाहीतर घालते ना वाटीत! सगळा राडा करते."



मग बुवांनी केळीचं पान अंथरलं, वाटी त्यावर सरळ उपडी केली आणि रेणूला पानासमोर बसवलं.

"अगंबाई! बुवा, अन्न आहे ते!"

"तिला कुठे ठाऊक आहे? ओळख तर होऊ दे."

रेणूने आधी एक बोट लावलं. थांबली. आईकडे पाहिलं...

मग तळहात थापला. पच्च!

भात उडाला तो बुवांच्या दाढीत. रेणू खिदळली. बुवा तिच्याहून मोठ्याने खिदळले.

"हाण अजून!"

मग काय विचारता! भोपळा चिवडून झाला, दही गुडघ्यांना चोपडून झालं, मूठभर भात थेट टाळूवर. वैजूचे हात नुसते शिवशिवत होते. पदर घेऊन पुढे झाली की बुवा तिच्याकडे बघायचे, की ही बिचारी पुन्हा मागे.

आणि तेवढ्यात रेणूने ती माखलेली मूठ तोंडात घातली.



रेणूने बोटं चोखली. गिळलं. परत पानात हात. परत तोंडात!

"खाल्लं! बुवा, खाल्लं हो तिने! अगं माझी सोनी ती!"

वैजू हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. त्याच भरात तिने चमचा उचलला, मोठा घास घेतला आणि लेकीच्या तोंडाशी नेला.

रेणूने ओठ मिटले.

वैजूचा चेहरा खर्रकन उतरला. तिने चमचा खाली ठेवला.

"मग मी करू तरी काय, बुवा? आई ना मी तिची?"



रेणूच रांगत आईजवळ आली. मांडीला धरून उभी राहिली आणि तिने मूठ वर केली, आईच्या तोंडाशी. बोटांच्या फटींतून केशरी, चिकट भात ओघळत होता. त्यात लाळ, आणि जावळाचा एक केससुद्धा.

वैजूने मान मागे घेतली. असलं काही तोंडाला लावायचं म्हटलं तरी तिच्या अंगावर काटा यायचा.

रेणूचा हात तसाच. हसू मात्र मावळायला लागलं...

"अगं, उष्टावण आहे तुझं," बुवा वैजूला म्हणाले. "लाजतेस काय?"