राजाची रेशमी पिशवी

"पिशवीतून रस सगळा उतरला पाहिजे, पण पाण्याचा एक थेंबही उतरता कामा नये! चार दिवस देतो. नाही जमलं तर बिऱ्हाड उचल आणि राज्याबाहेर चालता हो!"

कातळगडच्या राजाने फर्मावलं आणि म्हातारा सुभान जागच्या जागी गार पडला.

तीस वर्षं तो राजवाड्यासाठी नाचणीची दारू करत होता. मोड आलेली नाचणी वाळवायची, भरड दळायची, पिशवीत घालून ऊन पाण्यात सोडायची आणि पिशवीतून उतरलेला गोड रस मडक्यात आंबवायचा. काम सोपं, पण हात पाहिजे. शिमग्यापासून मात्र दारू पाणचट होऊ लागली होती. सुभान पाणी घालतो असं म्हणायला राजाची जीभ रेटेना, म्हणून सगळा राग निघाला पिशवीवर. म्हणे, पिशवी पाणी गाळते! आता राजाला कोण सांगणार, की बाबा, पिशवी गाळणार नाही तर काय करणार?

सुभान घरी येऊन ओसरीवर मटकन बसला. त्याची सून भिवरा पुढे आली. तिचं माहेर नदीकाठचं, बाप मासे धरायची जाळी विणायचा. पोरीचे हात चालायचेच, जीभही चालायची.

"पिशवी बघू, मामंजी."

सुभानने पिशवी पुढे केली. जांभळं रेशीम, जरीचा काठ, आणि आकार जेमतेम नारळाएवढा.

"अगंबाई! ही कुणी शिवली?"

"शिमग्याला महाराजांनी दिली. म्हणाले, राजाची दारू जाड्याभरड्या कापडातून कशाला गाळायची?"

भिवराने पिशवीत पाणी ओतलं. ते आतच डुचमळत राहिलं. तिला हसू आवरेना.

"हसतेस काय? घरदार जायची वेळ आली!"

"मग महाराजांना सांगत का नाही, की पिशवीच वाईट?"

"त्यांच्या देण्याला नावं ठेवू? घर जायचं ते जाईल, वर डोकंही जाईल."

भिवराचं हसू मावळलं. म्हातारा या वयात कुठे जाणार? पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हतीच. तिने बापाचं जुनं जाळं काढलं आणि त्यात भरड भरून पाण्यात धरली. सगळी भरड सळकन खाली! मग सासऱ्याचं धोतर घेतलं. त्यावर पिठाचा लगदा बसला आणि रस वरच अडकला. "जाळं फार सैल, धोतर फार घट्ट," ती स्वतःशीच पुटपुटली आणि सूत घेऊन बसली. दोन दिवस विणत होती. मोहरीचा दाणा अडकेल पण रस अडणार नाही, अशी जाळीदार पिशवी तिने केली, आणि तीही ऐसपैस. पातेल्यात सोडून तोंड काठावर दुमडलं, की आत पळी फिरवायला भरपूर जागा.

चौथ्या दिवशी दोघं दरबारात हजर झाली. पातेल्यात पिशवी आणि पिशवीत भरड नाचणी होती.

"महाराज," भिवरा म्हणाली, "पाणी तुम्ही स्वतःच्या हाताने ओता. उगाच मागून संशय नको."

राजाने गरम पाण्याची घागर मागवली, बोट बुडवून पाणी चाखलं आणि अर्धी घागर पातेल्यात ओतली. भिवरा पळी फिरवत राहिली. घटका गेली, दुसरी गेली. दरबारी जांभया देऊ लागले. शेवटी भिवराने पिशवी वर उचलली, तशी खालच्या पातेल्यात तपकिरी, दाट धार लागली.

"चाखा, महाराज."

राजाने चाखलं. "वा! काकवीसारखं गोड!"

"म्हणजे हा रस. पाणी नव्हे ना?"

"छे, पाणी कसलं!"

"मग झालं. वरून तुम्ही नुसतं पाणी ओतलं, खाली नुसता रस आला. पाण्याचा थेंब कुठे उतरला?"

राजा पेचात सापडला. "अगं, पण ते पाणी रसातच असणार!"

"असेल. तर मग रसातून ते वेगळं काढून दाखवा. एक थेंब निघाला, तरी आम्ही आत्ता गाव सोडतो."

राजाने पातेल्यात पाहिलं, दिवाणाकडे पाहिलं. दिवाणाने छताकडे पाहिलं.

"बरं, हरलो," राजा म्हणाला. "पण मग इतके दिवस दारू पाणचट का?"

सुभानने डोळे मिटून घेतले. भिवराने रेशमी पिशवी काढली, तीत बरोबर आणलेली कोरडी भरड घट्ट भरली, घागरीत उरलेल्या ऊन पाण्यात बराच वेळ बुडवली आणि थाळीत उलटी केली. बाहेर पडला एक गोळा. तिने तो फोडला. वरून ओला, आतून कोरडं ठणठणीत पीठ! आणि घागरीतलं पाणी जसंच्या तसं.

राजाचा चेहरा पडला.

"म्हणजे चूक माझ्या पिशवीची?"

"पिशवीची कशी म्हणू, महाराज? पिशवी राजाच्या घरची, तिला काय कमी!" भिवरा म्हणाली. "चूक नाचणीची. बिचारी जन्मभर मडक्यात राबलेली. एकदम जरीच्या काठात नेऊन बसवली, तिला वाटलं, आता आपण मानकरी झालो, आता काम कशाला करायचं?"

राजाने एकदा थाळीतल्या गोळ्याकडे पाहिलं, मग जरीचे अंगरखे घालून बसलेल्या आपल्या दरबाऱ्यांकडे पाहिलं, आणि असा खो खो हसत सुटला की पगडी मांडीवर आली. हसून हसून दम लागला, तेव्हा त्याने सुभानला जवळ बोलावलं, त्याचं काम आणि घर कायम केलं आणि भिवराला नदीकाठचं नाचणीचं शेत इनाम दिलं.