शेवटची मूठ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या खाडीला तेव्हा नावसुद्धा पडलं नव्हतं. खाडीच्या काठी दोर वळणाऱ्यांचं एक गाव होतं. नारळाची सोडणं खाऱ्या पाण्यात भिजत घालायची, कुटून काथ्या काढायचा आणि दोघांनी दोन टोकं धरून दोर वळायचा, हा त्यांचा धंदा. गाव प्रभू येशूला मानणारं होतं. म्हणून तिथे भांडणं होत नसत, असं मात्र समजू नका.

त्या गावात दोन भाऊ राहत. धाकट्याने एकदा आळस केला आणि होडीच्या नांगराच्या दोराच्या पोटात कुजका काथ्या दडवला. वादळात नेमका तोच दोर तुटला. होडीत थोरल्याचा एकुलता एक मुलगा होता. होडी सापडली, मुलगा सापडला नाही.

धाकटा थोरल्याच्या पायांवर पडला. थोरल्याने पाय मागे घेतले. पुढे बारा वर्षं दर ईस्टरला धाकटा त्याच्या दाराशी येऊन उभा राहायचा आणि दार बंदच राहायचं. देवळात सगळ्यांबरोबर प्रार्थना म्हणताना ‘आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर’ ही ओळ आली की थोरल्याचे ओठ मिटायचे. बाकीची प्रार्थना तो खड्या आवाजात म्हणायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं गाव त्याच्या पाठीमागे म्हणे. दोर वळणाऱ्यांना पीळ ओळखायला काय शिकवायचं!

मग एक दिवस धाकटा वारला.

त्या गावची रीत अशी, की कबरीवर सगळ्यांनी मूठमूठ माती घालायची आणि शेवटची मूठ घरातल्या वडीलधाऱ्याने घालायची. ती पडली की मेलेल्याशी असलेलं वैर संपलं. थोरल्याने माती उचलली आणि कबरीवर हात धरला. धाकट्याची बायको तोंडाशी पदर धरून त्या मुठीकडे बघत होती.

"नाही," थोरला म्हणाला. "एवढी माती मी त्याला देणार नाही."

मूठ आवळून तो तसाच घरी आला. हात धुवायला बसला, तर मूठ उघडेना.

हात आखडला असेल, असं त्याला वाटलं. पण दुसऱ्या दिवशीही बोटं हलली नाहीत. तिसऱ्या दिवशी भाताला मातीची चव लागली. चौथ्या दिवशी जाग आली तेव्हा उशाशी ओली माती सांडलेली होती. रस्त्यात कुत्री त्याला पाहून शेपूट घालून मागे सरू लागली.

तिकडे कबरस्तानात वेगळंच चाललं होतं. धाकट्याच्या कबरीवर, डोक्याच्या बाजूला, मुठीएवढा एक खळगा राहिला होता. लोकांनी टोपलीभर माती ओतली. सकाळी खळगा तसाच होता. मग लोकांनी ओतणं सोडून दिलं आणि त्या बाजूने जाणंही.

एकदा भर दुपारी वारा पडला होता. झाडाचं पान हलत नव्हतं. थोरल्याला काय वाटलं कोण जाणे, त्याने मूठ कानाशी नेली. आत कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, जड, मातीखालून घ्यावा तसा श्वास. भाऊच असणार, असं वाटून त्याच्या अंगावर काटा आला. पण बराच वेळ ऐकल्यावर त्याला कळलं, की तो श्वास त्याचा स्वतःचाच होता.

त्यानंतर माणसांचे आवाज त्याला वरून, लांबून येऊ लागले. उजेड दिवसेंदिवस आक्रसत चालला. आपण जिवंतपणी पुरले जातोय, हे त्याला उमगलं आणि तो फार घाबरला.

त्याने हाताला तेल चोळलं, गरम पाण्यात हात धरला. उपास केले. लोहाराने चिमट्याने बोटं ओढून पाहिली. जितका जोर लावावा तितकी नखं तळव्यात रुतत गेली.

शेवटी तो कबरी खणणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेला.

"सगळा जोर लावून पाहिला, बाबा."

"मूठ मिटली कशाने होती?" म्हाताऱ्याने विचारलं.

"जोरानेच."

"मग जोराने उघडेल कशी? क्षमा केलीस का भावाला?"

थोरला म्हणाला, "करवत नाही. माझं पोर गेलं, बाबा. खरं सांगायचं तर करायचीही नाही मला."

"हे आजवर कुणाला सांगितलंस?"

"तुलाच."

"मी खड्डे खणणारा माणूस. मला सांगून काय होणार? ज्याला सांगायचं त्याला जाऊन सांग की!"

थोरला कबरीपाशी गेला. धुकं इतकं दाट होतं की क्रूससुद्धा दिसत नव्हते. तो पालथा पडला आणि मूठ त्या खळग्यात ठेवली.

"प्रभू," तो म्हणाला, "मला क्षमा करता येत नाही. बारा वर्षं मी तुझ्यासमोर चांगला असल्याचं सोंग केलं. आता माझ्यात काही उरलं नाही. हा हात तुझा. उघडायचा तर उघड, तोडायचा तर तोड. मीही तुझाच."

आणि त्याने जोर करणं सोडलं.

मातीखालून कुणीतरी त्याची मूठ हातात घेतली. तो किंचाळणार होता, पण तो हात ऊबदार होता. धाकट्याचा नव्हता, धाकट्याचा हात तो लहानपणापासून ओळखत होता. या हाताच्या तळव्यात मधोमध खिळा ठोकल्यासारखा एक खोल व्रण होता. त्या हाताने आधी त्याची करंगळी सोडवली, मग शेजारचं बोट, मग उरलेली. घाई अशी नव्हतीच. माती सुटून खाली पडली. थोरला हुंदके देऊन रडला. आपल्या मुलासाठी तो पहिल्यांदाच रडत होता, आणि भावासाठीही.

तो उठला तेव्हा खळगा भरला होता. तळव्यात नखांचे चार वण तेवढे राहिले, ते कायमचेच.

तिथून तो थेट भावजयीच्या दारात गेला. तिने त्याच्या मोकळ्या हाताकडे पाहिलं.

"कसा उघडला, भावोजी?"

"मी नाही उघडला. माझ्याने ते व्हायचंच नव्हतं."

"तुमच्या दारातून परत आले की ते जेवत नसत," ती म्हणाली. "आता येऊन काय उपयोग? ते गेले."

"त्याच्यासाठी उशीर झाला, बाई. ते दुःख मी जन्मभर बाळगीन. पण तुझ्याकडे यायला अजून उशीर करायचा नव्हता मला."

ती आत गेली आणि तिने त्याच्यासाठी पाट मांडला.

म्हणून सांगतो, लहानथोर हो: जे आपल्याच्याने सोडवत नाही, ते स्वतःसकट प्रभूच्या स्वाधीन करावं, खरी सुटका तिथेच आहे.