ओल्या कापसाचे वजन

एकदा एका कापूसपेठेच्या गावी एक वृद्ध वैद्य होते. अपुऱ्या दिवसांची बाळे जगवण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. एका कापूस व्यापाऱ्याची सातव्या महिन्यात जन्मलेली नात त्यांच्याकडे उपचाराला होती. तिचे रोज वजन करण्याचे काम वैद्यांच्या शिष्याकडे असे. काटा हलला नाही, की त्या बिचाऱ्याला जेवण गोड लागत नसे.

एके सकाळी काटा एकदम पुढे सरकला. शिष्याला आभाळ ठेंगणे झाले. व्यापारी तर पेढेच घेऊन आला.

वैद्यांनी पेढ्याला हात लावला नाही. त्यांनी कापसाचा एक बोळा काट्यावर ठेवला, मग तोच पाण्यात बुडवून पुन्हा ठेवला आणि म्हणाले, "याचंही वजन वाढलं. वाटा पेढे!"

शिष्य गोंधळला. वयोमानाने गुरुजींचे काही बिनसले की काय, अशी शंका त्याला आली, आणि त्या शंकेची लाजही वाटली.

"शेठजी, कापसाची गाडी दारात आली, की तुम्ही आधी काय करता?" वैद्यांनी विचारले.

"कापसात कोपरापर्यंत हात खुपसतो, वैद्यबुवा. माल ओला असला तर काटा फसवतो."

"मग नातीच्या बाबतीत नुसत्या काट्यावर कसे विसंबलात?"

वैद्यांनी बाळाची नडगी बोटाने हलकेच दाबली. बोट उचलले तरी खळगा तसाच राहिला. व्यापाऱ्याने हातातले पेढे खाली ठेवले.

"हे साठलेलं पाणी आहे," वैद्य शिष्याला म्हणाले. "वेळीच उतरलं नाही, तर पोरीचा श्वास कोंडेल. मांस, मेद, पाणी, सारं एकाच काट्यावर चढतं. किती वाढलं ते काटा सांगतो, काय वाढलं ते सांगत नाही. म्हणून दोरीने लांबी मोजावी, अंगाला हात लावून पाहावा."

पाणी उतरवण्याचे उपचार सुरू झाले. वजन रोज उतरू लागले आणि गुरुजींचा चेहरा रोज उजळू लागला. शिष्याला बोलणे पटले होते, तरी काटा मागे गेला की तो पुन्हा एकदा वजन करून पाही. आपण बाळ वाचवतो आहोत की घालवतो आहोत, हेच त्याला उमगेना.

पुढे एका सकाळी त्याने भीत भीत नडगी दाबली. खळगा पडला नाही. दोरी लावली, तर बाळ टाचेपासून डोक्यापर्यंत चांगले बोटभर वाढले होते. वर तिने त्याचे बोट पायाने झिडकारले.

तेवढ्यात व्यापारी आला. "आज वजन किती?"

"पेढ्यांच्या दिवसापेक्षा कमीच आहे, शेठजी," शिष्य चाचरत म्हणाला.

व्यापाऱ्याने काट्याकडे पाहिलेही नाही. नातीच्या नडगीवरून त्याने हळूच बोट फिरवले, डोळे पुसले आणि नोकराला पेढे आणायला पिटाळले.

त्या दिवशी वैद्यांनी दोन पेढे खाल्ले.