उंबरातली केंबरं

फार पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात विजितसेन राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने माळ्याच्या घरी जन्म घेतला होता आणि राजाच्या बागेची निगा तोच राखीत असे. बागेत एक थोरला उंबर होता. दरवर्षी नांगरणीच्या दिवशी राजा त्याची पिकली फळे शेतकऱ्यांना स्वतःच्या हाताने वाटी. ते फळ खाल्ल्यावाचून कोणी जमिनीला नांगर लावीत नसे.

एकदा पाहुण्या राजांसमोर विजितसेनाने फळ फोडले, तर आतून केंबरं, म्हणजे उंबरातले चिलटांसारखे बारीक किडे, उडाली. पाहुणे हसले. राजा संतापला. आयुष्यात एक रोप न लावलेला कालंबक अमात्य पुढे झाला. "महाराज, नगरातल्या सगळ्या उंबरांना धूर देतो. केंबर औषधालाही उरणार नाही."

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, उंबराचे फूल फळाच्या आत असते. तिथे वारा पोचत नाही. हे केंबरच पराग घेऊन आत शिरते आणि तिथेच अंडी घालते. उंबर त्याला घर देतो, ते उंबराला फळ देते."

"माळीबुवा, किड्यांचे तुम्ही कोण लागता?" अमात्य म्हणाला. "काका की मामा?"

"शेजारी."

राजाने हातातले सोन्याचे कडे काढून माळ्यापुढे धरले. "धूर दे, हे तुझे. नाहीतर बागेबाहेर हो."

बोधिसत्त्वाने कुदळ खांद्यावर टाकली, नमस्कार केला आणि तो डोंगरापलीकडच्या रानात जाऊन राहिला.

अमात्याने धूर केला. पुढच्या बहराला उंबर लगडला, पण फळे हिरवीच गळू लागली. कोणी चोरटा ती पाडतो असे ठरवून अमात्याने झाडाखाली शिपाई बसवले. फळे शिपायांच्या टोपांवर पडली. नांगरणीला दोन महिने उरले, तेव्हा रोहा नावाची म्हातारी शेतकरीण राजासमोर येऊन उभी राहिली. "राजा, पाऊस काही तुझ्या अमात्याला विचारून येत नाही. जमीन पडीक राहिली तर आमच्या पोरांनी काय धूर खायचा?"

राजा स्वतः डोंगर ओलांडून गेला. "माळीदादा, माझे चुकले."

बोधिसत्त्वाने टोमणा मारला नाही. रानातल्या उंबराची केंबरांनी भरलेली फळे त्याने टोपल्यांत घेतली आणि बागेतल्या उंबरावर, नव्या कोवळ्या फळांशेजारी बांधली. केंबरं बाहेर पडली, कोवळ्या फळांत शिरली. नांगरणीपर्यंत झाड तांबडे झाले.

"आता या कालंबकाला धुरात कोंडा!" राजा ओरडला.

"नको महाराज," बोधिसत्त्व म्हणाला. "मला टोपल्या उचलायला माणूस हवाच आहे."

पहिले फळ रोहाला मिळाले. तिने ते फोडले, फुंकर मारून केंबरं उडवली आणि फळ तोंडात टाकले. नांगर चालू लागले.

ही कथा सांगून शास्ता म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा श्रेष्ठी मणिभूती. रोहा म्हणजे भिक्खुणी सुलसा. कालंबक म्हणजे सोबत्यांना विहारातून घालवा म्हणून माझ्याकडे आलेला हा लकुच. माळी मीच होतो. ज्याच्यावाचून आपण पिकत नाही, त्याला कीड म्हणू नये. ही मैत्री पारमिता, मैत्रीची परिपूर्णता."