गळ्यापाशी शिवलेली पट्टी

शिवणाचे डबे बोलायचे, तेव्हाची गोष्ट. एका डब्यात क्रोशाची म्हातारी सुई आणि कात्री राहत. गावच्या दवाखान्यात सातव्या महिन्यातच जन्मलेलं, ओंजळीत मावेल एवढं बाळ होतं. त्याच्यासाठी सुईनं चार दिवस खपून मऊ लोकरीचं पांघरूण विणलं.

ते दवाखान्याकडे निघणार, तेवढ्यात जरीची एक ताठ पट्टी त्याच्या काठाला, बरोबर बाळाच्या गळ्यापाशी येईल अशी शिवली गेली. तिच्यावर लोकर देणाऱ्या शेठजींचं नाव होतं.

"बाई, तिथून उठ," सुई पट्टीला म्हणाली. "बाळाची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे. सोलून निघेल."

"मग नाव काय पायाशी लावू? फुकटच्या पांघरुणाला एवढे नखरे?" पट्टी फणकारली.

जन्मात आवाज न चढवलेल्या सुईनं आज तो चढवला. "त्या पोराला अजून स्वतःचं नाव नाही. मनगटावरच्या चिठ्ठीत 'कौसल्येचं बाळ' एवढंच लिहिलंय. श्वास घेताना दमतंय ते. आणि तू त्याच्या गळ्यात शेठजींचं नाव बांधतेस?"

"शेठजी रागावले तर लोकर बंद होईल."

"होऊ दे. जुने स्वेटर उसवून विणीन. कात्रीबाई, काप टाके."

कात्रीनं एकेक टाका जपून कापला. दुपारी पांघरूण बाळाच्या अंगावर पडलं. कुणी दिलं, ते बाळानं विचारलं नाही. ते झोपलं.